हातवाल्यांचा गालिचा

ज्या वर्षी फरशीवाल्याच्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी, लग्नाला पुरते दोन महिनेही झाले नसताना, फरशीवाला भरल्या सभेत बारा पावलं चालला.

चालण्यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. रस्त्यावरचं कुत्रंही चालतं. पण या माणसाचे पाय गेले आठ महिने त्याचं ऐकत नव्हते. खुर्चीतून उठला की पाय जमिनीला असे चिकटायचे, जणू कुणी तळव्यांखाली सिमेंट ओतलंय. लेकीच्या लग्नात त्याला खुर्चीसकट उचलून आणावं लागलं, आणि निम्म्या पाहुण्यांनी ठरवून टाकलं की बापाने सकाळीच घेतली आहे. असा माणूस चालला, तेव्हा सभा उभी राहिली. कुणी हुंदके दिले, कुणी टाळ्या. एक म्हातारा आपली काठी फेकून मोकळा झाला आणि नंतर अर्धा तास ती शोधत बसला.

जागा म्हणजे एके काळचं लाकडाचं गोदाम. तिथे दर बुधवारी हातवाले महाराज बसत. "माझ्याकडे औषध नाही, सुई नाही, डिग्री नाही. माझ्याकडे फक्त हात आहे!" असं ते दर दहा मिनिटांनी सांगत. जवळ काय काय नाही याचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस विरळाच.

फरशीवाल्याला पुढे केलं ते त्याच्या मोठ्या बहिणीने. तिला सगळे ताई म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला वाढवलेलं.

"किती डॉक्टर झाले?" महाराजांनी विचारलं.

"पाच, महाराज."

"पाचांनी काय दिलं?"

"गोळ्या."

"गोळ्या!" महाराज लोकांकडे वळून हसले. लोकही हसले. गोळ्यांमध्ये एवढं हसण्यासारखं काय आहे, हे कुणी विचारलं नाही. "उठ बाळ. चाल बघू."

छप्पन्न वर्षांचं बाळ उठलं. महाराजांच्या आसनापुढे लालभडक, जाड, लोकरीचा गालिचा होता. त्यावर फरशीवाला उभा राहिला आणि तिथेच राहिला. पाय नुसते थरथरले. लोक हळहळले. मग महाराज आसनावरून उतरले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि एकदम गरजले, "मध्ये लोकर आहे! लोकर शक्ती खाते! भूमीचा स्पर्श होऊ द्या!"

चार सेवकांनी त्याला अलगद उचलून बाजूला घेतलं आणि एका दमात गालिचा गुंडाळला. खालची काळी-पांढरी फरशी चकाकली. त्याला त्या फरशीवर उभं केलं. "चाल!"

आणि तो चालला. एक, दोन, तीन, पाय उचलून, स्वच्छ, बारा पावलं.

खोटं कशाला सांगा, त्याची बायकोही रडली. ती ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होती. तिथे येणारे ड्रायव्हर तिला काटेवाली म्हणत आणि घाबरून असत. एकवीस वर्षांत तिने ट्रकवाल्यांचे इतके नखरे पाहिले होते की तिचा सख्ख्या आरशावरही विश्वास उरला नव्हता. पण नवरा चालताना दिसल्यावर कोण वजनं मोजत बसतं? तिने पदर डोळ्यांना लावला आणि महाराजांपुढे वाकली.

आता मागचं थोडं सांगायला हवं.

फरशीवाला कसबी माणूस. पातळी बघायची पाणसळ लावायच्या आधीच नुसत्या नजरेने सांगायचा, "हा कोपरा दोन सूत खाली आहे." तीन वर्षांपूर्वी तो पडायला लागला. ठेच लागून पुढे पडणं माणसाला शोभतं. हा मागे पडायचा, ताठच्या ताठ, तोडलेल्या झाडासारखा. गिऱ्हाइकं म्हणाली, बाटली लागली. मग त्याचे डोळे मोठे झाले. पापणी लवेना. शेजारी भांडायला आला, "माझ्याकडे डोळे वटारून काय बघतोस?" जेवताना ताटातलं त्याला दिसेना, कारण नजर खाली जाईना. आमटी सदऱ्यावर. बोलणंही मंद झालं. विचारल्यावर उत्तर इतक्या उशिरा यायचं की विचारणारा तोवर निघून गेलेला असायचा.

पहिल्या चार डॉक्टरांनी कंपवात म्हणून गोळ्या दिल्या. फारसा गुण आला नाही. पाचव्या डॉक्टरीणबाई मेंदूच्या. त्यांनी बोट वर नेलं, खाली नेलं, त्याला मागून हलकेच ओढून पाहिलं, मेंदूचे फोटो काढले. मग समोर बसवून रोगाचं नाव सांगितलं, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी.

"सोप्या भाषेत सांगा," काटेवाली म्हणाली.

"मेंदूच्या बुंध्यात काही पेशी असतात. नजर वरखाली करणं, तोल, गिळणं, बोलणं हे सगळं त्यांच्याकडे. त्या पेशी हळूहळू मरताहेत. लाखात पाच-सात जणांना हा आजार होतो."

"का होतो?"

"नेमकं माहीत नाही."

"बरा कधी होईल?"

"होणार नाही. वाढत जाईल." बाईंनी फोटो बाजूला ठेवले. "पण ते किती वेळा पडतील आणि छातीत पाणी जाईल की नाही, यातलं बरंच आपल्या हातात आहे."

काटेवालीला वाईट वाटलं, पण राग आला नाही. माहीत नाही असं म्हणणारा माणूस तिला वजनकाट्यावर एकवीस वर्षांत एकही भेटला नव्हता.

घरी व्यवस्था लागली. चाकांचा वॉकर आला. तो मागे पडू नये म्हणून वॉकरच्या पुढच्या बाजूला वाळूची पिशवी बांधली. ताट चार विटांवर चढलं, म्हणजे नजरेसमोर आलं. पाण्यात पूड घालून ते दाट करायचं, हनुवटी छातीकडे घेऊन घोट घोट प्यायचं, गिळताना कुणी गप्पा मारायच्या नाहीत. हे शेवटचं ताईला सगळ्यात जड गेलं.

आणि मग तो बुधवार.

त्या संध्याकाळी फरशीवाला रिक्षातून उतरला आणि घराच्या दारात थिजला. आत गुळगुळीत, एकरंगी फरशी. पाऊल उचलेना.

"आत्ता तर चालत होता!" ताई म्हणाली आणि भावजयीकडे बघितलं. "घरात कुणाची तरी श्रद्धा कमी पडतेय."

"घरात तीनच माणसं आहेत, ताई. नाव घ्या की."

"मी कुणाचं नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागलं."

पुढच्या बुधवारी तो पुन्हा चालला. तेव्हा महाराजांनी अटी घातल्या. वॉकर म्हणजे अविश्वासाची गाडी, तो काढून टाकायचा. दाट पाणी बंद. त्याऐवजी महाराजांनी हात फिरवून भारलेलं पाणी रोज पेलाभर, एका दमात.

पहिल्याच पेल्याला फरशीवाला खोकला. असा खोकला की डोळे पांढरे झाले.

"खोकू द्या!" महाराज म्हणाले. "पाप बाहेर पडतंय!"

काटेवाली पुढे धावली. ताईने तिचा हात धरला. "थांब गं. इतकी वर्षं साठलेलं आहे, बाहेर पडायला वेळ लागणारच."

"ताई, या माणसाने आयुष्यभर फरश्या बसवल्या. इतकं पाप करायला त्याला सवड कधी मिळाली?"

पण ताईपुढे तिचं चाललं नाही. खरं म्हणजे तिने चालू दिलं नाही, कारण बारा पावलं तिनेही पाहिली होती. आशा माणसाच्या तोंडाला कुलूप घालते. वॉकर गच्चीवर गेला, आणि पाणी दहा दिवस चालू राहिलं. अकराव्या दिवशी फरशीवाला तापाने फणफणला आणि छातीतून सुरसुर आवाज यायला लागला. न्यूमोनिया. बारा दिवस दवाखान्यात, त्यातले चार नाकात नळी.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यावर धरला. "पाणी पोटात न जाता श्वासाच्या नळीत गेलंय. खोकला म्हणजे शरीर ओरडून सांगत होतं. पुन्हा असं झालं तर मी हमी देणार नाही."

बाहेर बाकावर ताई पुटपुटत होती. "पाप निघताना ताप येतोच. महाराज म्हणालेच होते, अजून तीन बुधवार. तिसऱ्याला पूर्ण बरा."

काटेवालीने हिशेब केला. तीन बुधवार म्हणजे तीन आठवडे, रोज एक पेला. आणि ताईशी भांडून उपयोग नव्हता. दिवसभर आपण काट्यावर असताना घरात पेला भरणारी तीच.

दवाखान्यातल्या त्या दिवसांत ती आपल्या धंद्याच्या रीतीने विचार करू लागली. भरलेला ट्रक काट्यावर आला की ती कधीच विचारत नाही, माल किती. ती विचारते, रिकाम्या ट्रकचं वजन किती भरलं होतं? रिकाम्याचं वजन नसेल तर भरलेल्याच्या वजनाला काही अर्थ नाही. मग नवरा चालला, त्यात महाराज किती आणि बाकीचं किती? महाराज सोडून कधी तोललं होतं का आपण?

"अहो," तिने नवऱ्याला विचारलं, "गोदामात पाय उचलतात आणि घरी उचलत नाहीत. काय वेगळं असतं हो तिथं?"

तो भिंतीकडे बघत राहिला. तिने चादर बदलली, नर्सशी बोलली, डबा धुऊन आली. ती पिशवी भरत असताना मागून आवाज आला.

"पट्टे."

"काय?"

पुन्हा बराच वेळ. "फरशी. पट्टे. काळा, पांढरा." आणि मग, एक शब्दही वाया न घालवता, कारागिराने निकाल दिला, "काम... चांगलंय."

काटेवाली खाली बसली. दर बुधवारी ती महाराजांचा हात बघत होती. हा एकटा फरशी बघत होता.

घरी आल्यावर तिने पिशवीतला खडू काढला. ट्रकच्या टायरवर खुणा करायचा जाडा खडू. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत एकेका पावलाच्या अंतरावर आडव्या रेषा ओढल्या. दवाखान्यातून व्यायामवाले डॉक्टर आले होते. त्यांनी फरशीवाल्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, मागून धरायला, आणि म्हणाले, "करून बघू."

नजर पायाशी जात नव्हती, पण मान वाकवली की पुढच्या रेषा दिसत होत्या; समोरची रेषा ओलांडायची म्हणून फरशीवाल्याने पाय उचलला. मग दुसरी. मग तिसरी.

"यात जादू नाही," व्यायामवाले म्हणाले. "चालण्याची मेंदूत एक सवयीची वाट असते, विचार न करता चालायची. यांची ती वाट बुजली आहे. पण डोळ्यांना काही दिसलं आणि ते ओलांडायचं ठरवलं, तर मेंदू दुसऱ्या वाटेने जातो. ती अजून उघडी आहे. सगळ्यांना हे लागू पडत नाही, आणि यांनाही कायमचं पुरणार नाही. पण आज पडलंय."

ताई दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले. "बघितलंस? महाराजांची कृपा घरापर्यंत आली!"

काटेवालीने कपाळावर हात मारला. "ताई, रेषा मी ओढल्या!"

"बुद्धी त्यांनी दिली."

"वा! चालला की महाराजांमुळे, आणि न्यूमोनिया झाला की माझ्यामुळे?"

"तुझी जीभ म्हणजे..."

"जीभ राहू द्या. एक करा. बुधवारी त्यांना गालिचा काढू देऊ नका. एवढी शक्ती आहे, तर बोटभर लोकरीने काय अडतंय?"

"काही अडत नाही!" ताई तावातावाने म्हणाली. "मी स्वतः बसते त्या गालिच्यावर. चालवून दाखवतील. मग माफी मागशील?"

"मागेन. आणि नाही चालवला, तर पेला बंद."

"बंद," ताई म्हणाली. तिची खात्रीच होती.

बुधवारी गोदाम तुडुंब भरलं होतं. दारात चपला सांभाळणारा सेवक नेहमीसारखा प्रत्येकाची चप्पल उलटी करून बघत होता. फरशीवाल्याला गालिच्यावर उभं केलं. त्याची बायको मागे, पट्टा घट्ट धरून. ताईने पदर खोचला, गालिच्याच्या मधोमध गेली आणि मांडी घालून बसली. तिचं वजन काटेवालीच्या अनुभवी अंदाजाप्रमाणे ब्याण्णव किलो होतं.

महाराजांनी हात ठेवला. डोळे मिटले. "लोकर शक्ती खाते! गालिचा..."

"असू द्या महाराज," ताई हात जोडून म्हणाली. "माझे गुडघे धरलेत. तुम्ही चालवा त्याला, मग मी उठते."

एक सेवक वाकला. "आजी, उठा."

"आजी असेल तुझी आई. हात लावून बघ."

लोक हसले. महाराजांनी पुन्हा हात ठेवला, या वेळी जरा दाबून. "चाल!" पाय थरथरले. "चाल, बाळ!" पाय जागचे हलेनात. महाराजांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी त्याला दंडाला धरून ओढलं, सोडलं, आणि फरशीवाला ताठच्या ताठ मागे गेला. काटेवालीने पट्टा धरला नसता तर डोकं फुटलं असतं.

"या कुटुंबात शंका आहे!" महाराज ओरडले. "शंकेच्या घरात माझा हात चालत नाही!"

"कुणाची शंका?" ताईचा आवाज चढला. "माझी? महाराज, मला शंका असती तर तुमच्या पाण्याने हा मरायला टेकला, तेव्हाच आली असती!"

ती बोलून गेली. आपणच काय बोललो ते तिच्या कानांवर आत्ता पडलं होतं. ती भावाकडे बघत राहिली. मग हात न टेकता, कुणाची मदत न घेता, ती उठली.

"गुडघे कुठे गेले, आजी?" मागून कुणीतरी ओरडलं.

काटेवालीने दोघांच्या मदतीने नवऱ्याला गालिच्यावरून उचलून बाजूला घेतलं. ताईने एकटीने तो गालिचा गुंडाळायला घेतला. काळे-पांढरे पट्टे उघडे पडले. मग ती महाराजांकडे वळली.

"आता तुम्ही बाहेर व्हा."

"मी?"

"हो. आत्तापर्यंत प्रत्येक वेळी लोकर काढून बघितली. आज तुम्हाला काढून बघू."

हास्याचा असा लोट उठला की पत्रे वाजले. महाराज लालबुंद झाले. "अपमान! या अपवित्र जागेत मी क्षणभरही थांबणार नाही!" असं म्हणून ते तरातरा चालत दाराबाहेर गेले. जे त्यांना कुणी बळजबरीने करायला लावू शकलं नसतं, ते त्यांनी आपणहून केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"चल राजा," ताई भावाला म्हणाली. तिने समोरच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "पट्टा ओलांड."

फरशीवाला चालला. बारा नाही, सोळा पावलं. भिंत आली म्हणून थांबला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ऐकून महाराजांना वाटलं, लोक आपल्याला परत बोलावताहेत. त्यांनी दारातून डोकं आत घातलं, आणि चारशे माणसांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. डोकं पुन्हा बाहेर गेलं.

बाकीचं चपलांच्या सेवकाने सांगून टाकलं. नोकरी जाणार हे त्याला कळलंच होतं. पाय घासत चालणाऱ्याची चप्पल टोकाला झिजते. अशी चप्पल दिसली की तिच्या मालकाला तो पुढच्या रांगेत बसवायचा. पाय लुळे पडलेल्यांना, मोडलेल्यांना मागे, कारण त्यांच्यावर पट्ट्यांचा उपयोग नाही. त्यांना महाराज सांगत, तुमचं कर्म वेगळं आहे. ही युक्ती कळली कशी? दोन वर्षांपूर्वी असाच एक थिजणारा म्हातारा नुकत्याच बसवलेल्या फरशीवर अचानक चालू लागला. महाराजांनाच आधी आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गालिचा विकत आणला.

म्हणजे फसवणूक चालण्यात नव्हती. चालणं खरंच होतं. फसवणूक आधी झाकण्यात आणि मग उघडण्यात होती.

त्या दिवशी लोकांनी काटेवालीला गराडा घातला. एक तरुणी म्हणाली, "मावशी, माझ्या वडिलांनाही रेषा मारून बघू?"

"आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. आजार कुठला ते कळू दे. आणि मागे कुणीतरी धरायला असू दे, नुसत्या रेषांच्या भरवशावर सोडू नकोस. आम्ही शहाणे होईपर्यंत यांची छाती भरली होती, बाई."

महिन्याभरात महाराज दुसऱ्या गावी गेले. गालिचा बरोबर नेला. फरशी उपटून नेता आली नाही. तिथेही त्यांच्याकडे गर्दी होते असं ऐकतो. आपल्याकडूनही काही जण जातात. पाण्याने गुण येतो म्हणतात.

ताई पुन्हा कुठल्या महाराजाकडे गेली नाही, पण त्याबद्दल कधी बोललीही नाही. तिने वॉकर गच्चीवरून स्वतः खाली आणला आणि पाणी दाट करण्याचं काम स्वतःकडे घेतलं. चमच्यातून पाणी कसं ओघळतं ते उजेडात धरून बघायची. भावाच्या जेवणाच्या वेळी घरात कुणी बोललं तर चमचा फेकून मारायची. रेषांचा उपयोग दीड वर्ष झाला. पुढे त्याची नजर इतकी अडली की रेषा दिसेनाशा झाल्या. मग ताई शेजारून मोठ्याने आकडे म्हणायची, आणि तो त्या आकड्यांवर पाय उचलायचा, जमेल तितके दिवस. मग खुर्ची, मग पलंग. आजार थांबला नाही. थांबेल असं डॉक्टरीणबाईंनी म्हटलंही नव्हतं.

वाचणाऱ्याला सांगायचं ते एवढंच. डोळ्यांदेखत आश्चर्य घडलं तर ते खोटंच आहे असं धरून चालू नका. पण हात जोडायच्या आधी विचारा, हे कशामुळे झालं? आणि श्रेय घेणारा माणूस बाजूला केला तरी होतं का? विचारण्याचा ज्याला राग येतो, त्याच्या हातून पाणीसुद्धा पिऊ नका. घरात आजारी माणूस असेल तर त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा.

फरशीवाला लेकीच्या लग्नानंतर चौथ्या वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी सव्वासात वाजता आपल्या घरी वारला. साठावं नुकतंच लागलं होतं. बायको, लेक आणि ताई तिघी जवळ होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, ताई गेली.